विनवणी कोणाच्या तोंडी

प्रेमभंगाच्या गाण्यात विनवणी कोण करतो, यावर त्या गाण्याचा अर्थ ठरतो. शब्द तेच, चाल तीच, पण गळा बदलला की लाज कोणाच्या वाट्याला आणि मान कोणाच्या वाट्याला, याचा हिशेब नव्याने मांडावा लागतो. एकच गाणे अनेकांनी म्हटलेले असले की आपण कोणी जास्त चांगले म्हटले याचा वाद घालत बसतो. कोणाला काय म्हणायची मुभा होती, हे पाहिले तर जास्त हाती लागते.

बेल्जियममध्ये जन्मलेला आणि पॅरिसमध्ये नावारूपाला आलेला जाक ब्रेल याने 1959 साली ‘न म किते पा’ हे गाणे केले. सोडून जाऊ नकोस, एवढेच त्याचे मागणे. गाण्यातला पुरुष आधी अशक्य वचने देतो आणि मग पायरी पायरीने इतका खाली उतरतो की तिच्या सावलीचीही जागा त्याला चालते. लोकांनी ते प्रेमगीत म्हणून डोक्यावर घेतले. ब्रेल मात्र म्हणत असे की हे प्रेमाचे गाणे नाही, पुरुषाच्या भेकडपणाचे आहे. 1965 साली नीना सिमोनने ते फ्रेंचमध्येच म्हटले. अमेरिकेतल्या वर्णभेदाविरुद्ध उभ्या राहिलेल्या या गायिकेच्या आवाजात भेकडपणा औषधालाही सापडत नाही. तिथे मागणारी बाई ताठ उभी आहे.

रॉड मक्यूनने त्याचे इंग्रजी गाणे केले आणि ते 1969 मध्ये फ्रँक सिनात्राच्या ‘माय वे’ या तबकडीवर आले. गंमत अशी, की तबकडीला जिच्यावरून नाव मिळाले ती रचनाही मुळात फ्रेंच. क्लोद फ्रान्स्वाच्या 1967 च्या गाण्यात प्रेम विझल्यावरही रोजचा दिनक्रम रेटणारा एक थकलेला पुरुष होता. पॉल अँकाने चाल ठेवली, शब्द बदलले आणि त्या थकलेल्या माणसाचा छाती पुढे काढून चालणारा बाप्या केला. पुरुषाची लाचारी जगाच्या बाजारात फार काळ तशीच राहत नाही, तिला कोणीतरी सूट चढवतेच.

आपल्याकडे या पेचातून वेगळी वाट निघाली. लेखणी पुरुषाची, तोंड बाईचे. तेराव्या शतकात ज्ञानेश्वरांनी विरहिणी लिहिल्या. तिथे तळमळणारी ती, वाट पाहणारी ती, आणि न येणारा तो. देवापुढे पुरुषाने स्त्री होण्यात कमीपणा नव्हता. पेशवाईच्या उतरत्या काळात लावणीने ही सोय देवाकडून माणसाकडे आणली. होनाजीने लिहायचे आणि बाळाने गायचे, पण घरधनी परमुलखी गेला म्हणून झुरायचे ते त्यातल्या बाईने. फडावर नाचायला नाच्या पोऱ्या, म्हणजे तोही मुलगाच.

ही परंपरा टोकाला गेली ती 1919 साली. राम गणेश गडकरी त्याच वर्षी वारले आणि गंधर्व नाटक मंडळीने त्यांचे ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आणले. शालू-पैठणीत मिरवणारे बालगंधर्व सिंधूच्या भूमिकेत ठिगळाच्या लुगड्यात उभे राहिले. दारूत बुडालेल्या नवऱ्याला सोडून माहेरी जायला सिंधू तयार नाही. ‘कशी या त्यजू पदाला’ हे पद त्या नकाराचे. पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांची. चालींपैकी कित्येक मात्र पुण्याच्या सुंदराबाई जाधवांनी दिल्या आणि बालगंधर्वांनी त्या त्यांच्याकडून उचलल्या. म्हणजे ठुमरी-लावणी कोळून प्यालेल्या, स्वतःच्या कमाईवर उभ्या असलेल्या एका गायिकेची चाल, पुरुषाचे शब्द, पुरुषाचा गळा, आणि यातून तयार झाली पायाशी बसलेली आदर्श पत्नी. ज्या सुंदराबाईंनी सूर पुरवले, त्यांना स्वतःला त्या रंगमंचावर सिंधू म्हणून जागा नव्हती.

पुढे दारे उघडली. 1929 च्या सुमारास हिराबाई बडोदेकरांनी भावंडांसह स्वतःची नाटक मंडळी काढली आणि बायकांच्या भूमिका बायकांनी केल्या. 1933 मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’त ज्योत्स्ना भोळे उभ्या राहिल्या. पण सवय लवकर सुटत नाही. त्याच दशकात गाजलेल्या जी. एन. जोशींच्या ‘रानारानात गेली बाई शीळ’ या भावगीताच्या ध्वनिमुद्रिकेतही गळा पुरुषाचा आणि हुरहुर बाईची होती.

हे सगळे वारली आदिवासींच्या बाजूने पाहिले की वेगळेच दिसते. डहाणू-तलासरीच्या पट्ट्यातल्या वारली लग्नात भटजीचे काम धवलेरी करते. ती बाई असते आणि लग्न लावते ते गाऊन. चौकात पालघट देवी लिहून होते, धवलेरी गाण्यातून देवांना बोलावते, आणि तिचे गाणे झाल्याशिवाय लग्न झाले असे कोणी मानत नाही. इथे बाईचा आवाज मागत नाही, मान्यता देतो. मुलीसाठी देज मुलाकडच्यांनी द्यायचे. जमले नाही तर काडीमोडीला आणि दुसऱ्या घराला पूर्वापार वाट आहे. अशा समाजात सिंधूचे पद म्हटले, तर ऐकणारी म्हातारी सरळ विचारील, मग ही जात का नाही?

पण या मोकळिकीलाही कुंपण होते. देजासाठी आणि लग्नाच्या खर्चासाठी सावकाराकडून कर्ज काढायचे आणि ते फिटेपर्यंत, म्हणजे बहुधा जन्मभर, त्याच्या घरी राबायचे. अशा गड्याला लग्नगडी म्हणत. बायकोही त्याच्याबरोबर वेठीला जुंपली जाई. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हे लिहून ठेवले आहे, आणि 1945 च्या वारली उठावाने ही वेठ मोडली. नवरा सोडता येत होता, सावकार सोडता येत नव्हता. इथली ‘सोडू कसे’ ही ओळ प्रेमाची नव्हती, खतावणीची होती.

आता हळदीच्या रात्री बेंजो पार्टी असते. भोपळा आणि बांबूचा तारपा जो सूर धरून ठेवायचा, तो कॅसिओवर निघतो. त्यालाच जोडून एखादे बेवफाईचे हिंदी गाणे दुप्पट लयीत येते आणि पोरी कंबरेत हात गुंफून त्यावर मनसोक्त नाचतात. शब्द रडके, पाय खुशीत. जाणकार नाक मुरडतात, पण नीना सिमोनने ब्रेलच्या गाण्याचे जे केले, त्याच जातीचे काम इथे चालू आहे. विनवणीतली लाचारी काढून टाकली, चाल तेवढी ठेवली.

ब्रेल आणि सिंधू शेजारी ठेवले की आपला दुटप्पीपणा उघडा पडतो. दोघेही पाय सोडायला तयार नाहीत. पुरुषाने धरले तर कवी स्वतःच त्याला भेकड म्हणतो, बाईने धरले तर आपण पातिव्रत्य म्हणून डोळे पुसतो. सिंधूची पदे आजही मैफलीत रंगतात. गायिका म्हणतात, गायकही म्हणतात. पण गायक म्हणतो तेव्हा तो बालगंधर्वांना मुजरा करत असतो, स्वतःची विनवणी करत नसतो. 2011 च्या ‘बालगंधर्व’ चित्रपटात आनंद भाटे यांनी गायलेली पदे अप्रतिम आहेत, तरी ती त्या मुजऱ्याच्याच वाटेने जातात. एखाद्या पुरुषाने हेच पद आपल्या नावावर, आपल्या बायकोपुढे, तिची जाण्याची तयारी खरी मानून म्हटले, तर गडकऱ्यांच्या नाटकाला शंभर वर्षांनी उत्तर मिळेल. सुंदराबाईंची चाल तेवढा भार सहज पेलेल.