साम कोठवर करावा?

बाजार समितीच्या आवारात मापाडीचे काम करणाऱ्या एका माळकऱ्याने आम्हांस विचारले, "महाराज, माल खडखडीत वाळलेला असतो, तरी आडत्या म्हणतो ओला आहे, क्विंटलमागे दोन किलो कडता धर. मी भांडू, काम सोडू, का गोडीने समजावून पाहू?" चाळीस क्विंटलांवर ऐंशी किलो गेले, म्हणजे शेतकऱ्याचे जवळजवळ एक पोते गेले. प्रश्न लहान नव्हे.

नीतिशास्त्राने साम, दान, भेद, दंड असे चार उपाय सांगितले. त्यांत साम पहिला. तेव्हा समजावून पाहणे हा भित्रेपणा नव्हे, तो धर्मच आहे. पण साम म्हणजे लाडीगोडी नव्हे. गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचे तप सांगताना भगवंतांनी प्रिय शब्दाबरोबर सत्य आणि हित यांचीही अट घातली आहे. नुसते प्रिय बोलणे खुशामत्यालाही जमते.

म्हणून बोलावे ते एकान्तात, चारचौघांत पाणउतारा न करता. "शेठ, माल ओला असेल तर ओलावा सर्वांसमक्ष मोजू आणि भावात बोलू, वजनात लपवायला नको. काटा चोख म्हटल्यावर शेतकरी आपण होऊन तुमच्याच आडतीवर येईल." यात आडत्याचेही हित आहे, आणि खोटे काहीच नाही.

कोणी म्हणेल, एवढे करूनही ऐकले नाही तर? येथे रामायण पाहावे. रावणाला मारीचानेही समजावले आणि बिभीषणानेही. मारीचाचा उपदेश कमी प्रतीचा नव्हता. परंतु रावणाने प्राणाची भीती घातली, तेव्हा तोच मारीच सोन्याचा मृग झाला. बिभीषणाचे ऐकले नाही, तेव्हा तो लंका सोडून निघाला. बोलले दोघेही, भेद पडला तो बोलणे संपल्यावर. "मी आधी सांगितले होते" या शब्दांनी सीतेचे हरण टळले नाही.

मारीचाला हसणे सोपे आहे हो. ज्याच्या घरी चार तोंडे खाणारी आहेत, त्यालाच भीती कळते. म्हणून काम आजच सोड, असे आम्ही सांगत नाही. समजावण्याला महिना लागो, दोन महिने लागोत. पण तोवर आपल्या हाताने खोटा आकडा मांडू नये. शेठ रुसेल, तर रुसो. मापाड्याचा परवाना समितीचा आहे, आडत्याचा नव्हे. शेवटी तेथे जाऊन सांगणे ही चहाडी होत नाही.

शब्दाने दुसऱ्याचे मन वळेल, न वळेल. ते पांडुरंगाच्या हाती. काटा मात्र आपल्या हाती आहे. साम करणाऱ्याचा हात चोख असेल, तरच त्याच्या शब्दाला वजन येते. एरवी तो साम नसून पापातल्या भागीदाराची कुरकुर ठरते.