भाव एक, मोल दोन

जानेवारीच्या शेवटी आमच्या लीगमधला एक सौदा रद्द झाला. टोरांटोच्या आसपास राहणारे आम्ही बारा जण दर हिवाळ्यात फँटसी हॉकी खेळतो. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगमधले खरे खेळाडू हंगामाआधी वाटून घ्यायचे. मग त्यांचे गोल, असिस्ट, हिट्स, ब्लॉक आपल्या खात्यावर जमा होतात आणि दर आठवड्याला एका संघाची दुसऱ्या संघाशी गाठ पडते. आपल्याकडच्या फँटसी क्रिकेटमध्ये बहुधा एका सामन्यापुरते अकरा जण निवडले की काम संपतं. इथे संघ सहा महिने सांभाळायचा असतो, आणि जे कमी पडतं ते दुसऱ्याकडून बदल्यात मिळवायचं असतं. या बदल्यालाच ट्रेड म्हणतात.

रद्द झालेला ट्रेड असा होता. एका गड्याकडे तीन उत्तम गोली, म्हणजे गोलरक्षक, होते. आमच्या नियमाप्रमाणे एका दिवशी दोनच उतरवता येतात, त्यामुळे तिसरा बहुतेक वेळ बाकावरच. हिट्स आणि ब्लॉक या दोन रकान्यांत मात्र तो आठवड्यामागून आठवडे हरत होता. दुसऱ्याच्या मुख्य गोलीचा गुडघा दुखावला होता आणि हंगाम तिथेच संपला होता. या दुसऱ्या गड्याकडे एक डिफेन्समन होता. त्याचे गोल-असिस्ट जेमतेम, पण प्रतिस्पर्ध्याला भिडण्यात आणि पक अंगावर झेलण्यात तो आमच्या लीगमध्ये अव्वल होता. एकाने गोली द्यायचा, दुसऱ्याने डिफेन्समन. कुणीतरी खेळाडूंच्या किमती आकड्यांत सांगणारा ट्रेड कॅल्क्युलेटर उघडला. त्यात गोलीची किंमत डिफेन्समनच्या जवळपास दुप्पट दिसली आणि बाकीच्यांचे पुरेसे व्हेटो, म्हणजे सौदा रोखणारी मतं, पडले. कारण एका ओळीचं होतं: आकडे जुळत नाहीत, म्हणून सौदा न्याय्य नाही.

माझं भांडण या 'म्हणून'शी आहे.

सौदा न्याय्य की अन्याय्य हा वाद हॉकीत जुनाच आहे. 1988च्या ऑगस्टमध्ये एडमंटनने आपला सर्वोत्तम खेळाडू वेन ग्रेट्झकी लॉस एंजेलिसला दिला, तेव्हा कॅनडाचे खासदार नेल्सन रीस यांनी सरकारने हा व्यवहार रोखावा अशी मागणी केली होती. म्हणजे व्हेटोची ऊर्मी आमच्या लीगची नव्हे, या देशाच्या अंगातलीच आहे. दोनच वर्षांनी, 1990मध्ये, एडमंटनने ग्रेट्झकीशिवाय स्टॅनले कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकलं. तो सौदा बरोबर होता असं यावरून सिद्ध होत नाही. ज्यांना त्या क्षणी सगळं स्पष्ट दिसत होतं, त्यांनाही सगळं दिसत नव्हतं, एवढंच यावरून कळतं.

दोन मतं मी इथेच बाजूला ठेवतो. निकालावरून सौदा तोलणाऱ्यांनी 2022चा जुलै आठवावा. कॅल्गरीने मॅथ्यू टकाचक देऊन फ्लोरिडाकडून जोनाथन ह्युबर्डो आणि इतर काही घेतलं, तेव्हा मागच्या हंगामात ह्युबर्डोचे गोल आणि असिस्ट मिळून 115 पॉइंट होते आणि टकाचकचे 104. पुढच्या हंगामात ते 55 आणि 109 झाले. जुलैतल्या न्यायाचा निवाडा एप्रिलच्या आकड्यांवर करणं म्हणजे भविष्य न सांगितल्याबद्दल माणसाला दोषी ठरवणं. आणि दोघांची संमती असली की काहीही चालतं, असं म्हणणाऱ्यांना उरलेल्या दहा जणांचा विसर पडलेला असतो.

राहिला बेरजेचा पक्ष. तो दिसायला इतका निःपक्षपाती आहे की त्याच्याशी नीटच झुंजावं लागतं. त्यांचं म्हणणं सोपं आहे: प्रत्येक खेळाडूला एक आकडा द्या, दोन्ही बाजूंची बेरीज करा, बेरजा जवळपास सारख्या आल्या तर सौदा न्याय्य.

पहिला प्रश्न, आकडा कुठला? काही लीगमध्ये फक्त गोल आणि असिस्ट मोजतात. तिथे आमच्या त्या डिफेन्समनला कुणी उचलणारही नाही. आमच्याकडे हिट्स आणि ब्लॉक हे गोलांइतकेच मानाचे रकाने आहेत. माणूस तोच, खेळ तोच, पण लीग बदलली की आकडा बदलतो. सगळ्या लीगना मिळून एकच आकडा काढला तर तो कुठल्याच लीगचा राहत नाही.

दुसरा प्रश्न बेरजेचा. समजा, मी शंभर पॉइंटचा एक फॉरवर्ड देऊन साठ-साठचे दोन घेतले. कागदावर मला 120 मिळाले आणि समोरच्याला 100, म्हणजे मी त्याला लुटलं. पण माझ्या संघात जागा मोजक्याच आहेत. दोन आले म्हणून मला माझा पंचेचाळीसचा एक सोडावा लागतो. समोरच्याची एक जागा रिकामी होते आणि कुणीही न घेतलेल्या खेळाडूंतून तसाच पंचेचाळीसचा तो फुकट उचलतो. आता हिशेब पाहा. माझ्याकडे आधी 145 होते, आता 120 आहेत. त्याच्याकडे 120 होते, आता 145 आहेत. बेरजेने मला लुटारू ठरवलं, आणि खरं नुकसान झालं ते माझंच.

यावर बेरीजवाले म्हणतात की मग हिशेब सुधारू, फुकट मिळणाऱ्या खेळाडूची किंमत आधीच वजा करू. जरूर करावी, काही चांगले कॅल्क्युलेटर ती करतातही. पण त्याने तिसरा प्रश्न सुटत नाही, आणि माझ्या मते तोच निर्णायक आहे. तीन गोली असलेल्याच्या घरी तिसऱ्या गोलीची किंमत किती? शून्य नव्हे. बाकीच्या दोघांपैकी कुणालाही विश्रांती असेल त्या रात्री तो उतरतो. पण ज्याच्याकडे धड गोलीच उरलेला नाही त्याच्या घरी त्याची जी किंमत असते, तिच्या पासंगालाही ही पुरणार नाही. एकच खेळाडू, एकाच दिवशी, एकाच लीगमध्ये दोन घरांत दोन किमतींचा असतो. यातली खरी कुठली, हे कुठलाही कॅल्क्युलेटर कसं सांगणार? त्याला घरच माहीत नाही.

मराठीत यासाठी दोन शब्द आहेत, भाव आणि मोल. शब्दकोशात ते शेजारी बसतात आणि बोलताना आपण त्यांची सरमिसळही करतो. पण कान देऊन ऐकलं तर फरक जाणवतो. भाव चढतो, उतरतो, फुटतो. तो बाजाराचा असतो आणि सगळ्यांना एकच असतो. एखादा माणूस आपल्याला मोलाचा असतो तेव्हा बाजाराला कुणी विचारत नाही. मोल घराघरात वेगळं असतं, कारण ते त्या घरातल्या उणिवेवर ठरतं. कॅल्क्युलेटर भाव सांगतो, आणि सौदा होतो मोलासाठी. देताना आणि घेताना दोघांनाही मोल अगदी सारखंच वाटलं असतं, तर कुणी आपला खेळाडू हलवलाच नसता. दोघांची मोजमापं वेगळी असतात म्हणून सौदा होतो. तो फरकच अन्यायाचा पुरावा मानला तर प्रत्येक शहाणा ट्रेड गुन्हा ठरेल.

एनएचएलमधलंच एक उदाहरण घ्या. 29 जून 2016 रोजी एडमंटनने फॉरवर्ड टेलर हॉल देऊन न्यू जर्सीकडून डिफेन्समन अ‍ॅडम लार्सन घेतला, एकास एक. भावाने पाहिलं तर हा आतबट्ट्याचा व्यवहार होता, आणि 2018मध्ये हॉलला 93 पॉइंटसह सर्वात मोलाच्या खेळाडूची हार्ट ट्रॉफी मिळाली तेव्हा टीकाकारांना आणखी बळ आलं. एडमंटनने भावात मार खाल्ला, हे मीही मान्य करतो. पण बचावाच्या उजव्या बाजूला त्यांच्याकडे भरवशाचा माणूस नव्हता, हे उघड होतं. 2017च्या वसंतात हा संघ 2006नंतर पहिल्यांदा प्लेऑफमध्ये गेला. त्याचं मोठं श्रेय त्यांचा हुकमी खेळाडू मॅकडेव्हिड याचं, लार्सनचं थोडं. सौदा महाग पडला असं म्हणा. अन्याय्य म्हणू नका.

यावरचा खरा आक्षेप वेगळा आहे. मोल ज्याचं त्याने ठरवायचं असेल तर कुठलीही लबाडी मोलाच्या नावावर खपेल. हंगाम हातचा गेलेला एखादा आपला सगळ्यात चांगला खेळाडू मित्राला देऊन टाकेल आणि म्हणेल की मला हा मोलाचा वाटला. हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण मोल घरचं असलं तरी मनमानीचं नसतं. लीगमध्ये प्रत्येकाचा तक्ता सगळ्यांसमोर उघडा असतो. कोण कुठल्या रकान्यात मागे आहे, कुणाची कुठली जागा रिकामी आहे, हे बाराही जणांना दिसतं. मिळालेल्या खेळाडूने ज्याची एकही उणीव भरत नाही, या हंगामातली नाही आणि पुढच्या हंगामासाठी खेळाडू राखता येत असतील तर तिथलीही नाही, त्याला मोल सांगताच येणार नाही. संगनमत तिथेच उघडं पडतं, आणि तिथे व्हेटो द्यायलाच हवा.

लीगमध्ये नवख्या असलेल्या गड्याशी सौदा करताना मी आणखी एक अट घालेन. समोरच्याला ठाऊक नसलेली दुखापत तुम्हाला ठाऊक असेल तर ती सौद्याआधी सांगितली पाहिजे. बातमी छापून आली होती, ही सबब मला पटत नाही. ज्याला आपली उणीवच नीट दिसू दिली नाही, त्याने मोल ठरवलं असं म्हणता येत नाही.

म्हणजे तपासायच्या गोष्टी दोनच उरतात: दोघांची उणीव खरी होती का, आणि दोघांना ती नीट दिसत होती का. आमच्या जानेवारीच्या ट्रेडमध्ये दोन्हींची उत्तरं होकारार्थी होती. तरी तो रद्द झाला. गोली बाकावरच राहिला आणि दुसऱ्या संघाची गोलीची जागा रिकामीच राहिली. त्या व्हेटोंमुळे दोन संघ अधू राहिले आणि त्याला न्याय म्हटलं गेलं.

पुढचा ट्रेड मताला येईल तेव्हा माझ्या सोबत्यांना आणि अशा लीगमध्ये खेळणाऱ्या प्रत्येकाला माझी एकच विनंती आहे. कॅल्क्युलेटर बंद ठेवा. दोन्ही संघांचे तक्ते शेजारी शेजारी उघडा आणि दोघांनाही विचारा, तुमचं काय अडलं होतं? दोघांनाही एका वाक्यात सांगता आलं आणि तक्त्याने दुजोरा दिला, तर तो सौदा न्याय्य आहे. आकडे जुळोत वा न जुळोत.