खेळातली तलवार कोणाची?

माणूस श्रमाचे मोल मागतो, तेव्हा त्याला कोणी दोष देत नाही. तोच माणूस खेळाचे मोल मागू लागला की आपण थबकतो. हे थबकणे नुसत्या जुन्या संस्कारांमुळे घडते, की त्यामागे काही नैतिक सत्य दडलेले आहे? आज घराघरांत शिरलेल्या ऑनलाइन खेळांनी हा प्रश्न नव्याने उभा केला आहे.

लातूर आणि नांदेड ही विद्यार्थ्यांची शहरे झाली आहेत. ‘लातूर पॅटर्न’च्या लौकिकामुळे आजूबाजूच्या जिल्ह्यांतील सोळा-सतरा वर्षांची मुले वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठी येथे खोल्या घेऊन राहतात. दिवस शिकवणीत सरतो. रात्री पुस्तक मिटले की मोबाइलच्या पडद्यावर एक दुसरेच गाव उभे राहते. त्या गावात मुलाला वेगळे नाव असते, पोशाख असतो, शस्त्र असते आणि कानात बोलणारे सोबती असतात. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने पबजी मोबाइलवर बंदी घातली आणि जुलै २०२१ मध्ये तोच खेळ भारतीय नावाने परतला. मधल्या काळात मुलांची सोबत शोधण्याची भूक काही थांबली नव्हती. खेळातील पोशाख आणि शस्त्रांची रंगरूपे खरे पैसे देऊन घ्यावी लागतात. मेहनतीने वरच्या पायरीवर नेलेली संपूर्ण ‘आयडी’सुद्धा विकली जाते. खेळ चालविणाऱ्या कंपन्यांचे नियम अशा विक्रीला मनाई करतात, तरी ती होते.

या बाजाराचा उगम जुना आहे. हजारो माणसे एकाच वेळी एकेक पात्र होऊन ज्यात वावरतात, असे खेळ १९९० नंतरच्या दशकात पाश्चात्त्य देशांत फोफावले. १९९९ साली निघालेल्या ‘एव्हरक्वेस्ट’ या खेळातील वस्तू लोक खऱ्या डॉलरांत विकू लागले. एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अर्थशास्त्रज्ञाने २००१ साली त्या काल्पनिक प्रदेशाचा हिशेब मांडला. तेथे खेळणारा तासाला सुमारे साडेतीन डॉलर किमतीचे धन निर्माण करीत होता आणि तेथील दरडोई उत्पन्न रशिया व बल्गेरिया यांच्या दरम्यान बसत होते. जगाच्या नकाशावर नसलेला देश हिशेबाच्या वहीत मात्र सापडला!

‘हे सारे खोटेच ना?’ असे म्हणून आपण हा विषय झटकून टाकू शकतो काय? दोन घटना आपल्याला तसे करू देत नाहीत. शांघाय शहरात एका खेळाडूने खेळात मिळविलेली तलवार मित्राला वापरायला दिली. मित्राने ती ७,२०० युआनला विकून टाकली. मालक पोलिसांकडे गेला, तेव्हा अशा वस्तूला कायद्याचे संरक्षण नाही असे त्याला सांगण्यात आले. २००५ साली त्याने त्या मित्राला भोसकून ठार केले. तलवार पडद्यावरची होती. विश्वासघात आणि रक्त खरे होते. दुसरी घटना नेदरलँड्समधील. २००७ साली दोन मुलांनी एका तेरा वर्षांच्या मुलाला मारहाण करून, सुरीचा धाक दाखवून, त्याच्या खात्यातील ताईत आणि मुखवटा हिसकावून घेतला. जानेवारी २०१२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ही चोरीच ठरविली. त्या वस्तू मिळविण्यासाठी मुलाने वेळ आणि कष्ट वेचले होते, हे न्यायालयाने जमेस धरले.

वस्तूंप्रमाणे नातीही खरी असतात. नॉर्वेतील मॅट्स स्टीन हा तरुण स्नायू क्षीण करणाऱ्या दुर्धर आजाराने खुर्चीला खिळलेला होता. २०१४ साली पंचविसाव्या वर्षी तो वारला, तेव्हा मुलगा एकाकी जगून गेला अशी आईवडिलांची समजूत होती. वडिलांनी त्याच्या निधनाची वार्ता कळविली आणि निरनिराळ्या देशांतून सांत्वनाची पत्रे येऊ लागली. ज्या खेळात तो वर्षानुवर्षे रमला होता, तेथे त्याने अनेकांना धीर दिला होता, त्यांची दुःखे ऐकली होती. त्यांतील काही जण अंत्यविधीला आले. या माणसांना ‘खोटे मित्र’ म्हणण्याचे धाडस कोण करील?

तर वस्तूत कष्ट आहेत आणि नात्यात माया आहे. मग कष्टाची वस्तू विकली तर बिघडले कोठे? श्रीमंताच्या मुलाजवळ पैसा असतो आणि गरिबाच्या मुलाजवळ वेळ. दोघांनी अदलाबदल केली तर अन्याय कोणावर झाला? हा युक्तिवाद हलका नाही. २००७ साली न्यूयॉर्क टाइम्सने चीनमधील अशा कारखान्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. तेथील तरुण बारा बारा तासांच्या पाळीत, तासाला सुमारे तीस सेंट मजुरीवर, खेळातील सोने जमवीत आणि ते परदेशांतील खेळाडूंना विकले जाई. हौसेने खेळणारे लोक या मजुरांचा तिरस्कार करीत. पण त्यांनी खणलेले सोने विकत घेणारेही हौशी खेळाडूच होते. ज्या मराठवाड्यातून मुकादमाची उचल घेऊन माणसे ऊसतोडीला जातात, त्या प्रदेशाला हे चित्र परके वाटू नये. पोटासाठी राबणाऱ्याला नीतीचा पाठ देण्यापूर्वी त्याच्या श्रमावर चैन करणाऱ्याकडे बोट दाखविले पाहिजे.

तरीही एक भेद उरतोच. तो समजण्यासाठी आपल्या खेड्यातील इर्जिकेकडे पाहावे. एकाच्या शेतात सारे गाव आपापली औते घेऊन उतरते, संध्याकाळी एकत्र जेवते आणि पैशाचा विषय निघत नाही. रोजंदारीही प्रतिष्ठेचीच गोष्ट आहे. पण इर्जिकेला म्हणून यायचे आणि मागच्या दाराने मजुरी घ्यायची, असे कोणी केले तर इर्जिक मोडते. कुस्तीचेही तसेच. माळेगावच्या यात्रेत मल्लाने जाहीर इनाम घेतले तर त्यात कमीपणा नाही. आतून पैसे घेऊन नुरा कुस्ती केली तर फड फसतो. म्हणजे दोष पैशाच्या स्पर्शात नाही. आपण सारे एकाच अटीवर येथे जमलो आहोत, हा परस्परांचा भरवसा चोरून विकण्यात दोष आहे.

आयडी विकण्याची गोष्ट याहून पुढची आहे. ती आयडी म्हणजे सोबत्यांच्या तोंडी असलेले त्या मुलाचे नाव. उद्या दुसराच कोणी त्या नावाने त्यांच्यात येऊन बसतो आणि ते त्याला आपला जुना मित्र समजून मनातले बोलतात. ताईत विकणाऱ्याने आपली वस्तू दिली. नाव विकणाऱ्याने इतरांचा विश्वासही त्यांना न विचारता विकला. तो विश्वास एकट्याच्या मालकीचा कधीच नव्हता.

कायद्याची नजर येथपर्यंत पोहोचत नाही. जुलै २०२५ मध्ये तत्कालीन कृषिमंत्र्यांच्या मोबाइलवरील रमीच्या चित्रफितीवरून महाराष्ट्रात वादळ उठले आणि लातुरात त्याच महिन्यात एका पक्षनेत्यापुढे निषेध म्हणून पत्ते उधळले गेले. ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांना मनाई केली. असे खेळ चालविणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. जुगाराने उद्ध्वस्त झालेल्या घरांसाठी हे आवश्यकच होते. पण मित्राचा भरवसा विकणे हा जुगार नव्हे. त्याचा निवाडा ज्याच्या त्याच्या सदसद्विवेकबुद्धीपुढेच व्हायचा.

येथे ख्रिस्ती परंपरेचा एक समतोल विचार उपयोगी पडतो. संत थॉमस अक्वायनस यांनी खेळाला मनाची विश्रांती मानले. खेळाचा अतिरेक हा जसा दोष, तसा खेळाचा पूर्ण अभाव हाही दोषच, असे त्यांनी प्रतिपादिले. १९९२ सालच्या कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथातही पैज वा जुगार मुळातच अन्याय्य मानलेला नाही. स्वतःच्या आणि इतरांच्या गरजेचे हिरावले गेले की तो निषिद्ध होतो आणि त्याचे व्यसन ही गुलामी ठरू शकते, असे तेथे बजावले आहे. शिकवणीच्या फीसाठी आलेले पैसे पडद्यावरील पोशाखात गेले, तर या कसोटीला ते उतरत नाहीत, हे निराळे सांगायला नको.

पालकांनी म्हणून मुलाचा मोबाइल हिसकावण्याआधी त्याला दोन साधे प्रश्न विचारावेत. तुझ्याबरोबर खेळतात ते कोण आहेत? आणि तुझे त्यांच्याशी वागणे त्यांना उघडपणे सांगता येईल असे आहे ना? पहिल्या प्रश्नाने मुलाच्या जगाचा मान राखला जातो आणि दुसऱ्याने त्या जगातही नीती लागू आहे हे त्याला कळते. खेळ संपतात, कंपन्या आपली दुकाने बंद करतात आणि जमविलेल्या तलवारी एका रात्रीत नाहीशा होतात. सोबत्यांशी आपण कसे वागलो, ते मात्र त्यांच्याजवळ राहते आणि आपल्याजवळही.