शोकाची मुदत

मृत्यूनंतरचे दिवस मोजण्याची माणसाची सवय फार पुरातन आहे. तिसरा दिवस, सातवा दिवस, महिना, वर्ष असे टप्पे आपण पाडले. महिन्याची मिस्सा होते, वर्षाची मिस्सा होते, आप्तेष्ट जमतात आणि पांगतात. दुःख संपले, असे या टप्प्यांतून कोणी जाहीर करीत नाही. गेलेल्याची आठवण करावी आणि मागे राहिलेल्याची विचारपूस करावी, एवढाच त्यांचा हेतू असतो. आधुनिक कल्याणकारी राज्यही मृत्यूनंतरचे दिवस मोजते. मात्र साहाय्य कोणत्या दिवशी थांबवायचे हे ठरवण्यासाठी. शोकाला मुदत घालता येते काय, आणि ती घातली गेल्यास मुदतीनंतर त्या दुःखिताचे आपण कोण उरतो, हा प्रश्न या मोजणीतून उद्भवतो. ब्रिटनमध्ये ही मुदत कायद्यानेच लिहिली असल्याने तेथील उदाहरण समोर ठेवून विचार करणे सोयीचे होईल. आपल्यापैकी अनेकांची मुले, भावंडे, पुतणे-भाचे त्या देशात नांदत आहेत. त्यामुळे हा प्रश्न आपल्या उंबरठ्यापासून तितकासा दूरही नाही.

ब्रिटनमध्ये विधवांना विम्यातून निवृत्तिवेतन देण्याचा कायदा १९२५ साली झाला. तेव्हा नेव्हिल चेंबरलेन आरोग्यमंत्री होते. आठवड्याला दहा शिलिंग विधवेला, आणि मुलांसाठी थोडी जास्तीची रक्कम, अशी ती तरतूद होती. पुढे १९४२ मध्ये विल्यम बेव्हरिज यांचा सुप्रसिद्ध अहवाल आला. पतीच्या मृत्यूनंतर पहिले तेरा आठवडे विधवेला वाढीव दराने साहाय्य द्यावे. त्यानंतर तिच्या पदरी लहान मुले असतील तर त्यांच्या संगोपनासाठी द्यावे. परंतु मूलबाळ नसलेल्या आणि काम करण्यास समर्थ असलेल्या स्त्रीला केवळ ती विधवा आहे म्हणून जन्मभर वेतन देण्याचे कारण नाही, असे बेव्हरिज यांचे मत होते. १९४६ च्या राष्ट्रीय विमा कायद्याने ही दिशा बहुतांशी स्वीकारली आणि ५ जुलै १९४८ पासून ती अमलात आली. पन्नाशी ओलांडल्यावर वैधव्य आलेल्या स्त्रियांसाठी मात्र वेतन ठेवण्यात आले.

एप्रिल २००१ मध्ये या व्यवस्थेचे नाव बदलले आणि तिच्या छत्राखाली विधुर पुरुषही आले. पंचेचाळिशी ओलांडलेल्या, पदरी मुले नसलेल्या व्यक्तीला 'बिरीव्हमेंट अलाउन्स' हा भत्ता बावन्न आठवडे मिळू लागला. लहान मुलांच्या आईस किंवा वडिलांस वेगळा भत्ता होता आणि तो मुले वाढत असेपर्यंत चालू राही. ६ एप्रिल २०१७ नंतर झालेल्या मृत्यूंसाठी हे दोन्ही भत्ते बंद झाले आणि त्यांच्या जागी 'बिरीव्हमेंट सपोर्ट पेमेंट' आले. मुले असतील तर आरंभी ३,५०० पौंड आणि मग दरमहा ३५० पौंडांचे जास्तीत जास्त अठरा हप्ते. मुले नसतील तर २,५०० पौंड आणि दरमहा १०० पौंडांचे तितकेच हप्ते. २०१७ साली ठरलेल्या या रकमा २०२५ सालापर्यंत वाढवण्यात आल्या नव्हत्या. 'बिरीव्हमेंट' या शब्दाच्या मुळाशी हिरावून घेतले जाणे असा अर्थ आहे. हिरावून घेतलेले परत देणे कोणत्याही शासनाला शक्य नाही. ते फक्त काही काळ आधाराला हात देऊ शकते. तो काळ किती असावा, हाच वादाचा विषय आहे.

एकोणिसाव्या महिन्यात काय घडते ते पाहू. समजा, लेस्टरसारख्या शहरात दोन मुलांची एक आई आहे. गेले दीड वर्ष दर महिन्याला ठरावीक दिवशी तिच्या खात्यात रक्कम जमा होत होती. पतीने राष्ट्रीय विम्याचे हप्ते भरले होते, म्हणून ती रक्कम तिच्या हक्काची होती. तिच्या मिळकतीची वा शिलकीची चौकशी कोणी केली नव्हती. आता ती रक्कम थांबते. घरभाडे थांबत नाही, मुलांची अंगे वाढायची थांबत नाहीत. पगार अपुरा असेल तर तिला 'युनिव्हर्सल क्रेडिट' या गरजेवर आधारलेल्या साहाय्यासाठी अर्ज करावा लागतो. येथे सगळी परिभाषा बदलते. शिल्लक किती आहे? ती १६,००० पौंडांहून अधिक असेल तर सहसा काहीच मिळत नाही. मग ती शिल्लक पतीच्या आयुर्विम्यातून आलेली का असेना. आठवड्याला किती तास काम करता? पहिली रक्कम हाती येईपर्यंत साधारण पाच आठवडे जातात. मधल्या काळात उचल मिळते, पण ती पुढच्या रकमेतून कापून घेतली जाते. जोडीदाराच्या मृत्यूनंतर सहा महिन्यांपर्यंत काम शोधण्याची अट लादली जात नाही, हे खरे. परंतु एकोणिसाव्या महिन्यात ती सवलत केव्हाच सरलेली असते.

एकच स्त्री, एकच घर, एकच दुःख. अठराव्या महिन्यापर्यंत ती हक्कदार होती, एकोणिसाव्या महिन्यात ती अर्जदार झाली. हक्क आणि गरज यांच्यातला हा फरक कागदावर केवळ तांत्रिक असतो, परंतु तो माणसाच्या ताठ मानेला जाऊन भिडतो. हक्कदाराला तारीख विचारता येते, अर्जदाराला उत्तराची वाट पाहावी लागते. पहिल्या व्यवस्थेत तिच्या पतीच्या श्रमाचे स्मरण होते. दुसऱ्या व्यवस्थेत तो नाहीच. तेथे फक्त तिची उणीव मोजली जाते. माझ्या मते मुदतीतला खरा प्रश्न येथे आहे, आणि तो पैशांहून मोठा आहे.

तथापि दुसरी बाजूही प्रामाणिकपणे ऐकली पाहिजे. साहाय्याचा पैसा आकाशातून पडत नाही. तो बस चालवणाऱ्याच्या आणि रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेच्या वेतनातून येतो. जी व्यक्ती निरोगी आहे, जिला रोजगार आहे, तिला केवळ वियोगाच्या नावाने आयुष्यभर रक्कम मिळावी आणि शेजारच्या दरिद्री पण अविवाहित व्यक्तीला मिळू नये, यात न्याय कोणता? शिवाय स्त्रीला कायमची 'अमक्याची विधवा' म्हणून ओळखणे हाही तिचा एक प्रकारचा अपमानच आहे. काम करून स्वतःच्या पायावर उभे राहण्यातही मानवी प्रतिष्ठा असते. हा युक्तिवाद हलका नाही. मुदत असणे हा मुळातच अन्याय आहे, असे म्हणून तो झटकून टाकता येत नाही.

आरंभीच्या ख्रिस्तसभेनेही तो झटकून टाकला नव्हता. तिमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात विधवांच्या यादीचा उल्लेख येतो आणि त्या यादीत नाव घालण्यासाठी साठ वर्षे वयाची अट आढळते. ज्यांना मुले-नातवंडे आहेत त्यांची काळजी आधी घरच्यांनी घ्यावी, म्हणजे ज्या खरोखर एकाकी आहेत त्यांच्यासाठी मंडळीची शक्ती उरेल, असा त्यामागचा विचार आहे. पात्रतेची अट म्हणजे निर्दयता, असे सरसकट म्हणणाऱ्याने हा अध्याय अवश्य वाचावा. मर्यादित अन्न वाटायचे असेल तर कोणीतरी यादी करावीच लागते.

परंतु त्याच ख्रिस्तसभेच्या इतिहासात प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्यायही आहे. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होत असल्याची तक्रार उठली. तक्रार करणाऱ्यांना कोणी कृतघ्न म्हटले नाही. प्रेषितांनी व्यवस्थेतली त्रुटी मान्य केली आणि त्या कामासाठी सात जण नेमले. त्या सातांचीही नावे ग्रीक आहेत. म्हणजे यादी असणे हे पाप नव्हे; यादीतून कोण गळते हे न पाहणे हे पाप. आणि गळतात ते बहुधा परक्या भाषेचे, नवख्या वस्तीचे लोक.

आजच्या ब्रिटनमध्येही हे घडू शकते. तेथे कामाच्या परवान्यावर गेलेल्या अनेक परदेशस्थ कुटुंबांच्या परवान्यावर सरकारी साहाय्य घेता येणार नाही अशी अट असते. युनिव्हर्सल क्रेडिट त्या अटीत येते. शोकसाहाय्य मात्र विम्याच्या हप्त्यांवर आधारलेले असल्याने त्या अटीत येत नाही. मुंबईहून, वसईहून किंवा गोव्याहून अशा परवान्यावर गेलेल्या एखाद्या घरातला कमावता गेला, तर अठरा हप्ते मिळू शकतात. एकोणिसाव्या महिन्यात मात्र समोर दुसरे दारच नसते. त्यातून राहण्याच्या परवान्याचाच प्रश्न उभा राहिला, तर संकट दुहेरी. अशा घराला धर्मग्रामाने विचारले नाही, तर कोण विचारणार?

कायद्याच्या यादीतून गळलेल्यांनी आवाज उठवल्याचेही उदाहरण आहे. उत्तर आयर्लंडमधल्या शवॉन मॅक्लॉफ्लिन यांनी आपल्या जोडीदाराबरोबर बरीच वर्षे संसार केला होता. त्यांना चार मुले होती, पण विवाह झालेला नव्हता. २०१४ साली जोडीदार वारला आणि मुलांच्या पालकासाठी असलेला भत्ता त्यांना नाकारण्यात आला. विवाहाच्या पावित्र्यावरची आपली श्रद्धा अढळ आहे. तरीही आईवडिलांच्या निर्णयाची शिक्षा मुलांच्या ताटाला का, हा प्रश्न त्या श्रद्धेला बाधा आणीत नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये नियम बदलले. लूकच्या शुभवर्तमानात न्यायाधीशाचे दार सोडीनाशी झालेली विधवा आपल्याला ठाऊक आहे. ती भिक्षा मागत नव्हती, न्याय मागत होती, हे आपण वाचताना पुष्कळदा विसरतो. अर्ज नामंजूर झाल्यास महिन्याच्या आत फेरविचार मागणारी आणि तोही फेटाळला गेल्यास न्यायाधिकरणाकडे जाणारी स्त्री त्याच विधवेची वारस आहे. तिला 'चिवट' म्हणून हसणे आपल्याला शोभत नाही.

मग न्याय्य मुदत कोणती? मला वाटते, शोकाला मुदत घालण्याचा अधिकार कोणालाच नाही. साहाय्याला मुदत घालण्याचा अधिकार राज्याला आहे, पण तो काही कर्तव्यांसह. पहिले कर्तव्य असे की मुदत गरजेच्या स्वरूपाशी जुळावी. दफनाचा खर्च एकदाच होतो. त्याला एकरकमी मदत पुरेशी आहे. लेकराचे वाढणे अठरा महिन्यांत संपत नाही. म्हणून मुले असलेल्यांचा जुना भत्ता मोडून सर्वांना एकच कालमर्यादा लावणे मला न्यायाचे वाटत नाही. दुसरे कर्तव्य असे की पुढचा रस्ता आधीच दाखवावा. शोकसाहाय्य मिळत असतानाच युनिव्हर्सल क्रेडिट मागता येते आणि त्या हिशेबात शोकसाहाय्याचे मासिक हप्ते मिळकत म्हणून धरले जात नाहीत. हे ज्याला कोणी सांगितले नाही, तो एकोणिसाव्या महिन्यापर्यंत थांबतो आणि मग पाच आठवडे रिकाम्या हाताने काढतो. तसेच मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत अर्ज न केल्यास काही हप्ते बुडतात. ज्या महिन्यांत माणसाला स्वतःचे नाव लिहितानाही हात थरथरतो, त्याच महिन्यांत ही घाई असते.

येथे शेजाऱ्याचे कर्तव्य सुरू होते. पोप पायस अकरावे यांनी १९३१ साली आणि पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९१ साली आपल्या परिपत्रकांतून हे तत्त्व विशद केले आहे की, जे काम जवळच्या लहान समूहाला करता येते ते दूरच्या मोठ्या सत्तेने बळकावू नये. या तत्त्वाचा आधार घेऊन काहीजण राज्याला त्याच्या जबाबदारीतून मोकळे करू पाहतात. तो अर्थ बरोबर नाही. घरभाडे धर्मग्रामाला भरता येणार नाही. तेथे राज्यच हवे. पण अर्ज भरताना शेजारी बसणे, तारखा वहीत टिपून ठेवणे, 'सिटिझन्स अॅडव्हाइस'सारख्या १९३९ पासून मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेपर्यंत सोबत जाणे, हे राज्याला जमणारे नाही. ते आपलेच काम आहे.

आणि हे केवळ विलायतेपुरते खरे नाही. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी उत्पन्नाचा दाखला आणि मृत्यूचा दाखला घेऊन तहसील कचेरीच्या पायऱ्या चढणाऱ्या स्त्रियांना याचा अनुभव आहे. आपल्या गावांत अंत्यविधीला रस्ता पुरत नाही इतकी माणसे जमतात, महिन्याच्या मिस्सेला मंदिर अर्धे भरते, वर्षाच्या मिस्सेला पुढचे चार बाक. दुसऱ्या वर्षी कोण येते? राज्याची मुदत निदान कायद्यात लिहिलेली असते. ती वाचता येते आणि तिच्याविरुद्ध दादही मागता येते. आपली मुदत कोठेही लिहिलेली नसते, म्हणून तिच्याविरुद्ध दाद मागायलाही जागा नसते. शासनाला प्रश्न विचारण्याचा आपला अधिकार खरा ठरायचा असेल, तर ज्या घराचे हप्ते संपले त्या घराची कडी आपण वाजवली की नाही, याचे उत्तर प्रथम आपल्याजवळ असले पाहिजे.