परीक्षा न देणाऱ्यांचा वाटा

जळगावच्या रेल्वे स्थानकावर कचराकुंडीत टाकून दिलेली एक अंध तान्ही मुलगी मोठी झाली आणि 2024 मध्ये लोकसेवा आयोगाची लिपिक-टंकलेखक पदाची परीक्षा उत्तीर्ण झाली. ती माला पापळकर. तिला घर आणि आडनाव दिले अमरावती जिल्ह्यातील वझ्झरच्या शंकरबाबा पापळकरांनी. मालाची बातमी वाचून खानदेशात कितीतरी जणांचे डोळे पाणावले, आणि ते योग्यच होते.

वझ्झरच्या त्याच आश्रमात मालासोबत वाढलेली काही मुले मात्र कधीच कुठली परीक्षा देणार नाहीत. त्यांना बौद्धिक दिव्यांगत्व आहे. काहींना आपले नावही नीट सांगता येत नाही. त्यांच्यावर बातमी होत नाही. शंकरबाबांना 2024 मध्ये पद्मश्री मिळाली, पण त्यांची जुनी मागणी आहे ती याच मुलांसाठी. बालगृहातले मूल 18 वर्षांचे झाले की नियमाने त्याला बाहेर पडावे लागते. जे मूल रस्ता ओलांडू शकत नाही ते बाहेर पडून जाणार कुठे? बेवारस दिव्यांग मुलांना 18 वर्षांनंतरही सांभाळता येईल असा कायदा करा, एवढेच ते सांगत आले आहेत.

ज्यांना आईबाप आहेत त्यांच्याही घरी हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत असतो. इकडे धुळ्याच्या देवपुरात, पांझरा नदीच्या पलीकडे जुन्या धुळ्यात किंवा साक्री-शिरपूरच्या खेड्यांत, साठी गाठलेली आई तो अहिराणीत विचारते : "मना मांगे याले कोन दखी?" माझ्यामागे याला कोण पाहील? दिव्यांगांसाठीच्या सार्वजनिक खर्चाची चर्चा खरे तर या प्रश्नापासून सुरू व्हायला हवी. ती सुरू होते दिव्यांगत्वाच्या टक्केवारीपासून.

टक्केवारी ठरते कशी? बौद्धिक दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी बुद्ध्यांकाबरोबर सामाजिक परिपक्वतेची एक चाचणी घेतात. मानसतज्ज्ञ समोर बसून आईला विचारतात : स्वतःच्या हाताने जेवतो का? बटणे लावतो का? लघवीला सांगतो का? एकटा गल्लीत जाऊन परत येतो का? दुकानातून सुटे पैसे बरोबर आणतो का? आई एकेक उत्तर देत जाते. पंचवीस वर्षांच्या मुलाविषयी, चार अनोळखी माणसांसमोर, "नाही" म्हणत जाते. पिंपळनेरहून पहाटेच्या एसटीने आलेली आई असेल, तर मुलगा त्या वेळेपर्यंत भुकेने आणि गर्दीने बेचैन झालेला असतो. त्याला धरून ठेवत ती बोलत असते.

केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार मध्यम गटातल्या व्यक्तीला 75 टक्क्यांचे प्रमाणपत्र मिळते, तीव्र गटातल्या व्यक्तीला 90 टक्क्यांचे. केंद्राचे इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतन मात्र 80 टक्क्यांपासून पुढेच. म्हणजे जो एकटा राहू शकत नाही, व्यवहार करू शकत नाही, तो पाच टक्क्यांनी बाहेर! आणि आत गेलेल्याला केंद्राकडून मिळतात महिना 300 रुपये. 2012 पासून हा आकडा हललेला नाही. राज्याची संजय गांधी निराधार योजना त्या मानाने मोठा आधार आहे. त्यात 40 टक्क्यांपासून पात्रता आहे, आणि 2025 मध्ये माजी आमदार बच्चू कडूंच्या मोझरीच्या उपोषणानंतर दिव्यांगांचे मासिक अनुदान 1500 वरून 2500 रुपये झाले. पण कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची अट 50 हजारांची. रोज 300 रुपये मजुरी मिळवणारा बाप वर्षात 200 दिवस कामाला गेला, तरी त्याचे घर या योजनेच्या हिशेबात श्रीमंत ठरते.

पैशाइतकीच दुसरी अडचण म्हणजे मदतीचे स्वरूप. ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका यांनी आपल्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. मार्च जवळ आला की अनेक ठिकाणी त्या पैशातून तीनचाकी सायकली, श्रवणयंत्रे वाटली जातात, फोटो निघतात. ज्यांना त्या वस्तू लागतात त्यांना त्या मिळाल्याच पाहिजेत. बौद्धिक दिव्यांग व्यक्तीला मात्र लागतो माणूस : रोज चार तास त्याच्याबरोबर बसणारा, त्याला शिकवलेले पुन्हा शिकवणारा, आईला बाजारात जाऊन येण्याएवढी मोकळीक देणारा. 2016 च्या हक्क कायद्यात 6 ते 18 वयापर्यंत मोफत शिक्षण आहे. त्यानंतरच्या कार्यशाळा फार थोड्या. अठरा वर्षे पूर्ण झालेला मुलगा पुन्हा घराच्या ओट्यावर येऊन बसतो आणि बारा वर्षांत शिकलेले हळूहळू विसरतो. हे नुकसान कुठल्याच अहवालात दिसत नाही.

यांच्यावर खर्च करून समाजाला परत काय मिळणार, असे उघड कोणी विचारत नाही, पण अंदाजपत्रके तेच विचारतात. आपल्या प्रत्येकावर जन्मानंतरची काही वर्षे आणि बहुधा शेवटची काही वर्षे कोणीतरी असाच खर्च करतो, परतफेडीची आशा न धरता. यांच्या वाट्याला ती अवस्था आयुष्यभर आली, एवढाच फरक. मालाने परीक्षा दिली नसती, तिला ती कधीच देता आली नसती, तरी तिचा घराचा, औषधाचा, माणसांचा हक्क तसूभरही कमी झाला नसता. या गोष्टी गुणवत्तेवर मिळवायच्या नसतात.

आणखी एक गोष्ट पुष्कळ पालकांना उशिरा कळते. मूल 18 वर्षांचे झाले की आई-वडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. त्याच्या नावाचे बँक खाते, वारसाहक्काची जमीन, सगळे तिथे अडते. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने यावर उपाय दिला आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समिती कायदेशीर पालक नेमू शकते, आणि पालक आपल्या हयातीतच विश्वासातल्या नातेवाइकाचे नाव सुचवू शकतात. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी याच न्यासाचा निरामय विमा आहे, एक लाख रुपयांपर्यंतचा, आणि त्यात थेरपीचा खर्चही धरलेला आहे.

आईबापांनंतरच्या घराची सोयही अशक्य नाही. डोंबिवलीजवळ खोणीला अमेय पालक संघटनेने पालकांच्या पुढाकारातून 'घरकुल' उभे केले. धुळे शहरात देवपूरसारख्या वस्तीत अठरा वर्षांवरच्यांसाठी एक दिवसभराचे केंद्र, दोन प्रशिक्षित माणसे आणि एक छोटी गाडी, ही मागणी महापालिकेच्या त्या 5 टक्क्यांतून करता येण्यासारखी आहे.

तेव्हा वाचकांना विनंती आहे. आपल्या नगरसेवकाला किंवा ग्रामसेवकाला गेल्या वर्षीचा 5 टक्क्यांचा हिशेब मागा. त्यातला किती पैसा बौद्धिक दिव्यांगांपर्यंत गेला, ते स्पष्ट विचारा. आणि गल्लीत असे घर असेल, तर त्या आईबरोबर एकदा जिल्हाधिकारी कार्यालयात जा आणि कायदेशीर पालकत्वाचा अर्ज भरून द्या.