पुन्हा दिवस राहिल्यावर

पहिलं बाळ पोटातच दगावलेली बाई दुसऱ्या खेपेला उपकेंद्रात येते, तेव्हा तिच्या कार्डावर लिहिलं जातं : जी टू, पी वन, एल झिरो. गरोदरपण दुसरं, बाळंतपण एक, जिवंत मूल शून्य. जोखमीची माता म्हणून तिची नोंद होते, आणि ती व्हायलाच हवी. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टर अशा मातांना तपासतात. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन सगळं पाहिलं जातं. तिच्या भीतीसाठी मात्र कार्डावर रकाना नाही.

माझ्या मते या बाईची काळजी पहिलं बाळ गेलं त्या दिवशीच सुरू व्हायला हवी, आणि ती शक्यतो एकाच सिस्टरने घ्यायला हवी.

आपल्याकडे घोटाळा मुळातच होतो. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत सिद्ध केलेली घरोघरी नवजात बाळाची काळजी २०११ मध्ये देशभर गेली. दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येते. महाराष्ट्राने देशाला दिलेली ही मोठी देणगी आहे. पण या भेटी आखल्या आहेत बाळाभोवती. मानधनाच्या मूळ अटींत तर आई आणि बाळ दोघंही ४२ व्या दिवसापर्यंत सुखरूप असावीत, असंच होतं. बाळ गेलं म्हणून आईचं बाळंतपण टळत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध उतरतं, छाती ठणकते, टाके ओढतात. या दुधाचं काय करायचं, हे तिला कोण सांगणार? घरातली मोठी माणसं ‘विसर आता, दुसरं होईल’ म्हणतात. मायेनेच म्हणतात, पण त्यानंतर तिला बोलायला जागा उरत नाही.

नांदगावसारख्या अवर्षणग्रस्त तालुक्यात पुढची वाट आणखी तुटक आहे. दसरा-दिवाळीनंतर कित्येक कुटुंबं ऊसतोडीला जातात, पोटुशी बाईही कोयता घेऊन जाते. नाव सासरी नोंदवलेलं, बाळंतपण माहेरी. गुंतागुंत झाली तर नांदगावच्या ग्रामीण रुग्णालयातून मालेगाव, नाहीतर सुमारे शंभर किलोमीटरवरचं नाशिक. प्रत्येक टेबलापाशी नवं माणूस विचारतं, ‘पहिलं कितीचं आहे?’ आणि तिला ते मरण पुन्हा सांगावं लागतं.

ओळखीची सिस्टर हा प्रश्न विचारणार नाही, कारण तिला उत्तर माहीत असेल. मागचं बाळ ज्या आठवड्यात गेलं, तो आठवडा जवळ आला की ती स्वतः फोन करील, डॉप्लर लावून ठोके ऐकवील. बाळाची हालचाल कमी वाटली तर उद्यावर न टाकता त्याच दिवशी ये, असं बजावील, आणि ती तिसऱ्यांदा आली तरी तिच्यावर खेकसणार नाही. दाराबाहेर उभ्या असलेल्या नवऱ्यालाही ती आत बोलावील. बाळ त्याचंही गेलेलं असतं, पण त्याची विचारपूस क्वचितच होते.

मँचेस्टरच्या सेंट मेरीज रुग्णालयात अशा आईबापांसाठी २०१३ पासून स्वतंत्र ‘रेनबो क्लिनिक’ चालतं. तिथल्या सोनोग्राफ्या आपल्याला लगेच परवडणार नाहीत. माणसं मात्र आपल्याकडेही तयार होत आहेत : २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे परिचारिकांना मिडवाइफरीचं दीड वर्षाचं प्रशिक्षण मिळतं. त्यांच्या नेमणुका आधी मोठ्या प्रसूतिगृहांत होणार, म्हणजे तालुक्याला थांबावं लागणार.

तोवर उपकेंद्राची सिस्टर आहे. तिच्याकडे आधीच रजिस्टरांचा ढीग आहे, हा आक्षेप खरा आहे. पण पाच हजार वस्तीच्या उपकेंद्रात वर्षाला अशा दोन-चारच माता निघतील. ऊसतोडीच्या फडावर गेलेल्या बाईला आपल्या सिस्टरचा फोन लागावा आणि तिकडच्या दवाखान्याला सिस्टरने आधी कळवावं, इतपत हे जमण्यासारखं आहे.

केंद्र सरकारने २०२२ मध्ये आपल्या महिला कर्मचाऱ्यांना, बाळ मृत जन्मलं किंवा जन्मताच गेलं तर, ६० दिवसांची विशेष रजा दिली. ऊसतोड कामगार बाईला अशी रजा कोण देणार? निदान आशाताईच्या त्या सहा भेटी बाळ गेलेल्या घरीही व्हाव्यात, आणि त्यांचं मानधन तिला पूर्ण मिळावं. ही योजना आली तेव्हा ते एका बाळामागे २५० रुपये ठरलं होतं.