शुक्र आणि धास्ती

मूल नसलेल्या बाईच्या दुःखाला आपल्या समाजात शब्दांची वाण नाही. बांझ, निपुत्रिक, सुनी गोद – हे शब्द लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षापासूनच तिच्या कानांवर पडू लागतात. मूल झाले की मुबारकबादीचे शब्दही तयार असतात. पण या दोहोंच्या मध्ये नऊ महिन्यांचा काळ असतो. वर्षानुवर्षे इलाज करून ज्यांना दिवस राहतात, त्यांच्या त्या नऊ महिन्यांसाठी आपल्याकडे शब्द नाही, फक्त एक हुकूम आहे : "अल्लाहने दिया ना? अब शुक्र करो, खुश रहो!"

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. या लेखात 'आम्ही' म्हणतो तेव्हा त्यात आम्ही नवरा-बायको आहोत, आणि वंध्यत्वाच्या इलाजासाठी दवाखान्यात आमच्या शेजारच्या बाकावर बसलेली जोडपीही आहेत. त्या बाकावर जात-मजहब कुणी विचारत नव्हते. "ही कितवी वेळ?" एवढेच विचारले जाई. आमच्यापैकी ज्यांना शेवटी दिवस राहिले, त्यांतल्या बहुतेकींनी दबक्या आवाजात एकच गोष्ट सांगितली. आनंद होतो, पण तो अंगी लागत नाही. भीतीच वाटते. आणि भीती वाटते म्हणून आणखी भीती वाटते. जे रात्र-रात्र जानमाजवर रडून मागितले, ते मिळाल्यावर घाबरणे ही नाशुक्री तर नव्हे?

ही भीती येते कुठून, ते आधी पाहू. टेस्ट ट्यूबच्या इलाजात पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून रोजची इंजेक्शने सुरू होतात. सोनोग्राफीत बीजकोश मिलिमीटरने मोजले जातात. मग बीज बाहेर काढतात, प्रयोगशाळेत फलित करतात, आणि तीन किंवा पाच दिवसांनी गर्भ गर्भाशयात सोडतात. त्यानंतर सुमारे दोन आठवडे थांबायचे आणि रक्त तपासायचे. एका खेपेचा खर्च लाखाच्या घरात जातो. बांगड्या मोडल्या जातात, पतसंस्थेचे कर्ज निघते. निम्म्याहून अधिक खेपा रिकाम्या जातात, हे डॉक्टर आधीच सांगतात. पण ऐकणे वेगळे आणि सोसणे वेगळे.

बी.एड.ला आम्ही पावलॉव्हचा प्रयोग शिकलो होतो. घंटा वाजली की कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते. आमचे तसेच झाले, फक्त घंटेच्या जागी फोन होता. लॅबचा फोन वाजला की पोटात खड्डा पडायचा. चार वर्षे मनाने हाच धडा गिरवला होता, की आशा धरली की मार बसतो. मग एक दिवस रिपोर्ट चांगला येतो. कागद बदलतो, पण मन त्याच दिवशी बदलत नाही. जडलेली सवय हळूहळूच सुटते, हेही त्याच धड्यात होते.

म्हणून न्हाणीघरात गेले की पहिली नजर डाग शोधते. मळमळ थांबली की इतर बायकांना बरे वाटते, आम्हांला घाम फुटतो. आनंदाला आपण तारीख देत राहतो – सहाव्या-सातव्या आठवड्यात ठोका दिसू दे, मग बघू. तीन महिने होऊ देत, मग बघू. पाचव्या महिन्याची सोनोग्राफी होऊ दे, मग सांगू. नाव ठरवायचे नाही, टोपी विणायची नाही. त्यातच तिसऱ्या महिन्याच्या सुमारास दवाखाना सांगतो की, आता नेहमीच्या बाळंतपणाच्या डॉक्टरांकडे जा. जी तपासणी दर आठवड्याला होत होती ती महिन्यातून एकदा होऊ लागते. लोकांना ही सुटका वाटते, आम्हांला कुणी हात सोडल्यासारखे वाटले. शिवाय बाकावरच्या ज्या मैत्रिणीची खेप पुन्हा रिकामी गेली, तिचा फोन घेताना जीभ जड होते. आपल्याला मिळाले आणि तिला नाही, याचे उत्तर कुणापाशीच नसते.

या विषयावरच्या अभ्यासांतही असेच दिसून आले आहे. इलाजाने गर्भवती झालेल्या स्त्रिया एरवी इतर गर्भवतींसारख्याच खंबीर असतात. पण गर्भ टिकेल की नाही, ही एक धास्ती त्यांच्यात अधिक असते. म्हणजे हा कुणा एकीच्या स्वभावाचा किंवा ईमानाचा दोष नव्हे.

आता मूळ प्रश्न. शुक्र म्हणजे चेहऱ्यावरचे हसू, अशी आपली समजूत झाली आहे. पण कुरआन शरीफातले किस्से नीट वाचले तर काय दिसते? हजरत झकरिया अलैहिस्सलाम यांनी म्हातारपणी, गुपचूप हाक मारून वारस मागितला. खुशखबर आली तेव्हा त्यांनीच विचारले, मी असा थकलेला आणि बीवी बांझ, हे होणार कसे? आणि मग निशाणी मागितली. मागणारे तेच आणि विश्वास बसत नाही म्हणणारेही तेच! त्यांना नाशुक्रे ठरवले गेले नाही. त्यांना निशाणी मिळाली. हजरत इब्राहीम यांच्या बीवीने अशीच खबर ऐकून तोंडावर हात मारून घेतला. हजरत मूसांच्या आईचे काळीज रिते झाले होते, आणि त्या काळजाला बळ दिले गेले.

सर्वांत मोठा दाखला बीबी मरियम यांचा. कळा सुरू झाल्यावर त्या खजुरीच्या बुंध्याशी आल्या आणि याआधीच मेले असते तर बरे झाले असते, असे म्हणाल्या. त्या घडीला त्यांना शुक्र कर, खुश राहा, असे सुनावले गेले नाही. गम करू नकोस, पायथ्याशी झरा आहे, बुंधा हलव, ताजी खजूर पडेल, खा आणि पाणी पी, असे सांगितले गेले. आधी दिलासा, पाणी आणि अन्न. घाबरलेल्या गर्भवतीशी कसे वागावे, याचा याहून स्पष्ट सबक आम्हांला माहीत नाही.

आमचे म्हणणे एवढेच आहे की, शुक्र ही करण्याची गोष्ट आहे, वाटण्याची नव्हे. थरथरत्या हाताने वेळेवर गोळी घेणे हा शुक्र आहे. मळमळत असताना पोटातल्या जिवासाठी दोन घास खाणे हाही शुक्र आहे. दोनदा नापास झालेला मुलगा पास झाला की निकालाच्या फलकापाशी पुन्हा पुन्हा येऊन आपला नंबर पाहतो. त्याला आम्ही शिक्षक नाशुक्रा म्हणत नाही. त्याला किती सोसावे लागले ते आम्हांला ठाऊक असते.

मग ही धास्ती उघड बोलली का जात नाही? कारण इलाजच लपवलेला असतो. पोटात टोचून घेतलेली इंजेक्शने सासू-नणंदांना ठाऊक नसतात. ती डॉक्टर आणि नवरा-बायको यांच्यातच राहतात. दोष पुरुषात असला तर ओठ आणखी घट्ट मिटतात, आणि बाप होणाऱ्याची भीती तर कुणी विचारतच नाही. "इंजेक्शन का बच्चा" हा शब्द मुलाला चिकटेल, ही काळजी असतेच. वास्तविक लाज वाटावी असे यात काही नाही. या पद्धतीने पहिले मूल १९७८ मध्ये इंग्लंडमध्ये जन्मले. निकाह कायम असताना पती-पत्नीच्याच बीजांपासून केलेला असा इलाज इजिप्तचे तेव्हाचे मुफ्ती जादुल हक यांनी १९८० मध्येच जायज ठरवला. १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीनेही तेच मान्य केले. त्याच वर्षी, ६ ऑगस्टला, मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून अशी मुलगी जन्माला आली. उंट बांधून मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही तर आपल्या नबींची शिकवण. इलाज हे उंट बांधणेच आहे. तो लपवला की त्यातून आलेली धास्तीही लपवावी लागते, आणि घर भरलेले असताना ती बाई एकटी पडते.

यावर कुणी म्हणेल, तुम्ही भीतीला फारच मान देता. ज्यांना मूलच झाले नाही त्यांनी काय म्हणावे? प्रश्न रास्त आहे. कुणाला मुली, कुणाला मुलगे, कुणाला दोन्ही, तर कुणाला काहीच नाही, हे वाटप आपल्या हातचे नाही. पण एकीचे दुःख मोठे म्हणून दुसरीने आपले गिळावे, हा न्याय नव्हे. रिकाम्या हाताच्या बहिणीलाही आपल्या मुबारकबादीच्या गोंगाटाचा उपयोग नाही. तिला हवे आहे ते घाबरलेलीलाही हवे आहे – कुणीतरी शांतपणे ऐकून घेणे.

भीतीलाही हद्द असते, हेही खरे. आठवडेच्या आठवडे झोप नाही, अन्न जात नाही, जीव नकोसा होतो, असे झाले तर तो इशारा समजावा आणि साखर किंवा रक्तदाब सांगावा तसे तेही डॉक्टरांना सांगावे. २०२२ पासून सरकारची टेलि-मानस ही विनामूल्य फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. फोन करून आपल्या भाषेत बोलता येते. त्यासाठी ताविज काढून ठेवण्याची गरज नाही आणि ताविजावरच थांबण्याचीही नाही.

आणि घरच्यांनी काय करावे? गोदभराई सातव्या महिन्यात नको म्हणाली तर नववा उजाडू द्यावा. नाव विचारू नये. ज्याची खात्री कुणालाच देता येत नाही, तिथे "कुछ नहीं होता" म्हणू नये. "डॉक्टरकडे मी सोबत येते" म्हणावे. खाला, फुफी, जावा, नणंदा यांच्यापैकी एकीने जरी हे केले तरी पुष्कळ झाले. बाळासाठी एक कुडता आणायला तिला सहा महिने लागले, तर लागू द्यावेत. तो आणला त्या दिवशी तिने किती लांबचा रस्ता कापला, हे तिचे तिलाच ठाऊक असते.

दुआ कबूल झाली म्हणजे माणूस नवा होत नाही. जे काळीज इतकी वर्षे मागत होते, त्याच जखमी काळजाने ती नेमत झेलायची असते. तिथे शुक्र आणि धास्ती एकाच चटईवर बसतात. त्यांतल्या एकीला उठवून लावण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?